संच निवृत्त होतो तेव्हा नेमके काय संपते? (मिनिएचर खेळ आणि त्यांचा खर्च)

तबकडी (धागालेखक)

गेल्या आठवड्यात माळ्यावरून एक जुनी बॅग खाली काढली, तर तिच्यात फरसाणाच्या रिकाम्या डब्यांत भरून ठेवलेल्या सुमारे चारशे फिगर, म्हणजे ‘हीरोक्लिक्स’ या खेळातल्या प्लास्टिकच्या छोट्या मूर्ती, निघाल्या. मुलाने त्यातली एक उचलून तिच्या बुडाची तबकडी फिरवली, ‘कट्’ असा आवाज झाला, खाचेत दिसणारे आकडे बदलले आणि त्याने विचारले, ‘‘हे अजून चालतं का?’’ या प्रश्नाला ‘हो’ आणि ‘नाही’ ही दोन्ही उत्तरे खरी आहेत. त्या दोन उत्तरांमधल्या अंतरासाठी मी किती पैसे मोजले, याचा हिशेब इतक्या वर्षांनी मांडावासा वाटला, म्हणून हा धागा.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विझकिड्स ही कंपनी जॉर्डन वाइझमन यांनी २००० साली सुरू केली आणि त्याच वर्षी ‘मेज नाइट’ हा खेळ आणला. तोवर असे खेळ म्हणजे फिगर स्वतः जोडायची, रंगवायची आणि तिच्या जखमांची नोंद कागदावर ठेवायची. इथे फिगर रंगवलेलीच मिळू लागली आणि तिची सगळी माहिती बुडातल्या फिरत्या तबकडीवर छापलेली असे. वेग, हल्ला, बचाव आणि इजा हे चार आकडे खाचेतून दिसतात. मार बसला की तबकडी तितके घर पुढे फिरवायची, म्हणजे योद्धा हळूहळू थकत जातो, आणि काही पात्रे जखमी झाल्यावर उलट अधिक खवळतात. कल्पना अतिशय देखणी होती. २००२ मध्ये हीच तबकडी मार्व्हल आणि डीसीच्या नायकांखाली बसली आणि हीरोक्लिक्स तयार झाला.

या फिगर बंद खोक्यांतून, म्हणजे बूस्टरमधून, विकल्या जात, त्यामुळे आत कोण आहे हे पैसे दिल्यावरच कळे. काही काळाने कंपनी जुने संच अधिकृत स्पर्धांमधून निवृत्त करी. अलीकडचे संच तेवढे ‘मॉडर्न एज’मध्ये चालत आणि सगळे जुने-नवे ‘गोल्डन एज’मध्ये. निवृत्तीमागे कंपनीचा निव्वळ लोभ असतो, असे म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही. प्रत्येक नवा संच आधीच्या सगळ्या संचांबरोबर तपासून पाहावा लागत असेल, तर दहाव्या-बाराव्या संचानंतर कोणत्या दोन फिगर एकत्र आल्यावर खेळ मोडेल हे तपासणाऱ्यांच्या आवाक्यात राहत नाही. शिवाय नव्या खेळाडूला पाच वर्षांचा अनुशेष भरून काढायला सांगितले, तर तो दुकानाच्या दारातूनच परत जाईल. विक्री हे तिसरे कारण आहेच, आणि ते पहिल्या दोहोंच्या आडोशाला सुखाने उभे असते.

आता खर्चाकडे येतो. समजा, एका संचात २० दुर्मीळ फिगर आहेत, प्रत्येक बूस्टरमध्ये त्यांपैकी एक निघते आणि सगळ्यांची शक्यता सारखी आहे. वीसच्या वीस मिळवायला सरासरी किती बूस्टर लागतील? उत्तर ७२ येते. त्यातली गंमत अशी की पहिल्या दहा फिगर साधारण १३-१४ बूस्टरमध्ये हाती येतात आणि शेवटची एकटी सरासरी २० बूस्टर खाते. म्हणजे संग्रह अर्धा होईपर्यंत आपण अगदी शहाण्यासारखा खर्च करतो आहोत असे वाटत राहते. मी घेत असे तेव्हा एक बूस्टर सात-आठ डॉलरला पडत असे, म्हणजे एक संच पुरा करायला पाचशेहून अधिक डॉलर. चार जणांनी मिळून घेऊन अदलाबदल केली, तर चौघांचेही संच पुरे व्हायला माणशी सुमारे ४३ बूस्टर लागतात. हे गणित मला तेव्हा येत होते, कारण माझी नोकरीच आकडेमोडीची होती. तरीही मी एकट्याने घेत राहिलो.

त्याचे कारण असे. २००५ ते २००९ मी न्यू जर्सीत होतो, खोलीवर एकटा राहत असे, आणि शुक्रवारी संध्याकाळी एका दुकानाच्या मागच्या खोलीत चार टेबलांवर हा खेळ चाले. भाषा, हवामान, ऑफिस यांपैकी कशावरही न बोलता तीन तास माणसांत बसता येई. निवृत्तीची यादी लागली की पुढच्या शुक्रवारी नेहमीचे गडी नवे संच घेऊन येत आणि माझ्या जुन्या संघाशी खेळायला कोणी मोकळे नसे. कोणी वाईट वागत नव्हते. त्यांना स्पर्धेचा सराव करायचा होता. फिगर तशीच राहते, पण तिच्यासमोर बसणारा माणूस उठून जातो. मी नवे बूस्टर घेत होतो ते त्या माणसाला बसवून ठेवण्यासाठी. तो खर्च मी ‘संग्रह’ या सदरात लिहीत होतो एवढेच.

नोव्हेंबर २००८ मध्ये विझकिड्सच्या तेव्हाच्या मालकांनी, म्हणजे टॉप्सने, कंपनीच बंद करत असल्याचे जाहीर केले. त्या शुक्रवारी खोली गच्च भरली होती आणि प्रत्येकाने सगळ्यात जुनी फिगर आणली होती. आता कुठलाच संच पुढे येणार नसल्यामुळे कुठलाच संच निवृत्त होण्याचे कारण उरले नव्हते. मी तिथे खेळलेल्या संध्याकाळींपैकी ती सर्वांत चांगली होती. (पुढच्या वर्षी नेका या दुसऱ्या कंपनीने हा खेळ विकत घेतला आणि निवृत्तीच्या याद्याही परत आल्या, पण तोवर माझी परतीची तिकिटे निघाली होती.)

आपण हा खर्च कसा मोजता? संच निवृत्त झाल्यावर आपण काय केले?

---

वीस_मिमी

धागा आवडला. मी इंग्लंडात लेस्टरला राहतो आणि माझे प्रकरण वॉरहॅमरचे, म्हणजे फिगरची सैन्ये टेबलावर लढवण्याच्या खेळाचे आहे. तिथे बंद खोकी नाहीत. डब्यावर जे चित्र आहे तेच आत असते, त्यामुळे नशिबाचा खर्च होत नाही. निवृत्ती मात्र आहे, आणि ती निरनिराळ्या वाटांनी येते.

‘वॉरहॅमर फँटसी बॅटल’ १९८३ पासून चालू होता. माझ्याकडे त्या खेळातल्या एम्पायर या पक्षाचे सैन्य होते, सुमारे दीडशे पायदळ, प्रत्येक शिपाई २० मिलिमीटरच्या चौकोनी बैठकीवर, कारण ते रांगा लावून, खांद्याला खांदा भिडवून हलवायचे असते. २०१५ मध्ये वॉरहॅमरच्या कंपनीने, म्हणजे गेम्स वर्कशॉपने, कथेत त्या जगाचाच अंत केला आणि ‘एज ऑफ सिग्मार’ आणला. त्यात रांगा नव्हत्या आणि बैठका गोल होत्या. जुन्या सैन्यांचे नियम कंपनीने फुकट दिले होते आणि चौकोनी बैठका चालणार नाहीत असेही कोणी सांगितले नव्हते. तरीही क्लबात सगळ्यांच्या गोल बैठका दिसू लागल्यावर मी एका हिवाळ्यात सगळे सैन्य उपटायला घेतले. प्लास्टिकचा सिमेंट हा नुसता डिंक नसतो, तो दोन्ही पृष्ठभाग वितळवून एकजीव करतो. त्यामुळे पाते बुटाखालून सरकवावे लागते आणि दहातल्या एका शिपायाचा घोटा तुटतोच. साठ शिपायांनंतर मी थांबलो.

जानेवारी २०२४ मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ आला. जुने जग परत, रांगा परत आणि चौकोनी बैठकाही परत. फक्त माझ्या शिपायांची बैठक आता २५ मिलिमीटरची हवी. म्हणजे मी ज्यांना हात लावला नाही ते नव्वदही चुकीचे आणि ज्यांना गोल केले ते साठही चुकीचे. यात दोष कोणाला देणार? घाई माझीच होती. आता क्लबातले बरेच जण जुन्या बैठका तशाच ठेवून, मध्ये फटी सोडलेल्या ट्रेमध्ये त्या बसवतात, म्हणजे रांगेची रुंदी नव्या मापाची होते. मीही तेच केले. दीडशे शिपायांच्या ट्रेंना एका नव्या डब्याइतकाही खर्च आला नाही.

दुसरी वाट पुस्तकांची. ‘वॉरहॅमर ४०,०००’ या त्याच कंपनीच्या भविष्यकाळातल्या युद्धाच्या खेळाची आठवी आवृत्ती २०१७, नववी २०२० आणि दहावी २०२३ अशी तीन-तीन वर्षांनी आली. दहावी आली तेव्हा आधीची सगळी सैन्य-पुस्तके एका दिवसात बाद झाली, आणि सुरुवातीची नियमपत्रके कंपनीने विनामूल्य दिली हे मान्य केले पाहिजे. माणूस फिगरचा हिशेब ठेवतो, पण पुस्तकांचा ठेवत नाही. माझ्या कपाटात बाद पुस्तकांचा जो खण आहे, त्याची छापील किंमत मी मागे एकदा बेरजेत घेतली आणि ती बेरीज बायकोला दाखवली नाही.

---

हिशेबनीस

धागालेखकांच्या भावना समजल्या, परंतु मला यात तक्रारीसारखे फारसे दिसत नाही. महिन्यातून चार शुक्रवार, प्रत्येकी तीन तास, असे बारा तास माणसांत घालवायला चित्रपटगृहात किंवा हॉटेलात किती लागले असते? खर्च ताशी मोजावा. ज्या वस्तूने आपला वेळ दिला, ती वस्तू फिटली. निवृत्त फिगरची फेरविक्रीची किंमत मोजत बसणे म्हणजे फाडून झालेल्या तिकिटाची किंमत मोजणे आहे.

---

तबकडी (धागालेखक)

@हिशेबनीस, ताशी हिशेब मीही करून पाहिला आहे आणि पहिल्या दोन वर्षांना तो अगदी चपखल बसतो. तिसऱ्या वर्षी अडचण अशी झाली की मी खेळत होतो त्याहून अधिक वेळ खोकी उघडण्यात, अदलाबदलीचे निरोप पाठवण्यात आणि याद्या करण्यात जात होता. ते तास कोणत्या बाजूला लिहायचे? शिवाय तिकीट फाडल्यावर ते पुढच्या शुक्रवारी चालेल अशी आशा कोणी लावत नाही. फिगर मात्र आपल्याकडे उरते आणि आशा लावत बसते.

फेरविक्रीबद्दल एक निरीक्षण नोंदवतो. निवृत्तीची यादी लागली की जी फिगर केवळ स्पर्धेत उपयोगी होती तिचा भाव आमच्याकडे लगेच पडे, आणि जे पात्र लोकांना मुळातच आवडते त्याचा भाव फारसा हलत नसे. मी नेमक्या पहिल्या प्रकारच्या घेतल्या होत्या, कारण मला जिंकायचे होते.

---

एक्सविंगवाला

निवृत्तीचा तिसरा नमुना माझ्याकडे आहे. स्टार वॉर्सच्या विमानांचा ‘एक्स-विंग’ हा खेळ फँटसी फ्लाइट गेम्सने २०१२ मध्ये आणला. २०१८ मध्ये दुसरी आवृत्ती आली, तेव्हा विमाने तीच राहिली, पण पत्ते आणि दिशा ठरवण्याच्या तबकड्या बदलल्या. जुन्या खेळाडूंसाठी प्रत्येक पक्षाचा एकेक परिवर्तन-संच निघाला, ज्यात जुन्या विमानांसाठी नवे पुठ्ठे आणि पत्ते होते. तीन पक्ष खेळणाऱ्याने तीन संच घ्यावेत, असा हिशेब. पण एक गोष्ट त्यांनी शहाणपणाची केली. पहिल्या आवृत्तीत विमानाची गुणसंख्या, म्हणजे ते संघात घेताना मोजायची किंमत, पत्त्यावर छापलेली होती, ती दुसऱ्या आवृत्तीत पत्त्यावरून काढून ॲपमध्ये नेली. त्यामुळे एखादे विमान डोईजड झाले, तर त्याला निवृत्त करण्याऐवजी महाग करता येऊ लागले.

तबकडी यांनी संच निवृत्त करण्याची जी पहिली दोन कारणे दिली, त्यांतल्या पहिल्यावर हा उपाय आहे असे माझे मत आहे. हीरोक्लिक्समध्ये आकडे फिगरच्या बुडातच कोंडलेले आहेत, त्यामुळे एकदा चूक झाली की ती दुरुस्त करायला फिगरच बाहेर काढावी लागते. जी कल्पना तुम्हाला देखणी वाटली, तिचीच ही किंमत आहे.

जून २०२४ मध्ये, तोवर हा खेळ सांभाळणाऱ्या ॲटॉमिक मास गेम्सने त्याचे काम थांबवत असल्याचे जाहीर केले. तेव्हापासून गुणांच्या याद्या खेळाडूच सांभाळतात. आम्ही तिघे अजून महिन्यातून एकदा खेळतो. गेल्या दोन वर्षांत माझा यावरचा खर्च शून्य आहे, आणि हे लिहिताना मला आनंद होतो आहे की वाईट वाटते आहे, हे मला नक्की सांगता येणार नाही.

---

थरावर_थर

भारतातून खेळणाऱ्यांच्या खर्चात एक बाब राहून गेली आहे. आयात खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानकाचे चिन्ह सक्तीचे आहे. आता मिनिएचर हे ‘खेळणे’ की ‘खेळाचे साहित्य’ यावर शुल्क बदलते आणि तो निर्णय डब्याकडे पाहणाऱ्याच्या हाती असतो. त्यामुळे इथला खेळाडू संच निवृत्त व्हायच्या आधीच मागे पडलेला असतो. वर्षभराने कोणी परदेशातून येणारा नातेवाईक बॅगेत घेऊन येईल तेव्हा खेळायचे, अशी आमची नाशिकची रीत होती.

मी २०२१ मध्ये रेझिनचा थ्रीडी प्रिंटर घेतला आणि हा प्रश्न माझ्यापुरता सोडवला. स्वतंत्र शिल्पकार आपापल्या रचनांच्या फाइल विकतात, त्या रीतसर घ्यायच्या आणि घरी काढायच्या. कंपन्यांच्या फिगरची नक्कल स्कॅन करून काढणारेही आहेत; तो मार्ग मी घेत नाही आणि सुचवतही नाही. नियमांसाठी ‘वनपेज रूल्स’सारखे कुठल्याही फिगरला चालणारे विनामूल्य नियम आहेत. खर्चाचे चित्र मात्र फसवे आहे. एक शिपाई काही रुपयांत निघतो हे खरे. पण हातमोजे, धुण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, अतिनील दिव्याची पेटी, फसलेल्या प्रिंट आणि पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवता येत नाही म्हणून बंद पडणारे काम, हे सगळे धरले की पहिल्या वर्षी मी डबेच घेतले असते तर बरे, असे वाटले. दुसऱ्या वर्षापासून फायदा आहे. त्यातही खोड अशी की छापणे स्वस्त झाल्यावर मी रंगवण्याच्या चौपट वेगाने छापतो आहे. आज माझ्याकडे दोनशे करड्या, न रंगवलेल्या शिपायांची फलटण आहे, आणि ते निवृत्त होण्याचा प्रश्नच नाही कारण ते अजून कामावर रुजू झालेले नाहीत.

---

बुरुजाखाली

मी यातला कुठलाच खेळ खेळलेले नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचला, कारण आमच्या घरी दिवाळीच्या किल्ल्यावरच्या चित्रांची एक मोठी पेटी आहे. मातीचे मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज, डोक्यावर घागर घेतलेली बाई आणि तिच्यापेक्षा लहान हत्ती. माझ्या सासऱ्यांनी घेतलेला एक मशालवाला मावळा अजून चालतो. त्याची मशाल दोनदा काडेपेटीच्या काडीने नवी केली आहे. दरवर्षी पाच-दहा चित्रे फुटतात आणि तेवढीच नवी येतात. रंग भडक होत गेले, साचे बदलले, तरी जुन्या मावळ्याला नव्यांच्या शेजारी उभे राहायला कोणी मनाई केली नाही.

तुमच्या भाषेत सांगायचे तर आमच्या चित्रांना नियमच नाहीत, म्हणून ती बाद होत नाहीत. पण मुले चार दिवस तिथेच बसून युद्धे करतात, तेव्हा नियम असतातच. ते दरवर्षी अंगणातली पोरे नव्याने ठरवतात. मागल्या वर्षी ‘उभे राहू न शकणारा मावळा फक्त पहारा करील’ असा नियम झाला, कारण शेजारच्या मुलाच्या निम्म्या चित्रांचे तळ झिजले होते आणि त्याच्याशिवाय खेळ रंगत नव्हता. हे काम तुमच्या मोठ्या माणसांच्या टेबलावर का होत नाही, असा माझा साधा प्रश्न आहे.

---

वीस_मिमी

@बुरुजाखाली, होते, पण फक्त घरी. क्लबात अनोळखी माणसासमोर बसायचे तर दोघांनाही आधीपासून माहीत असलेले नियम लागतात, आणि ते कंपनीचेच असतात. घरच्या टेबलावर वाटाघाट होते, कारण पुढच्या रविवारी तोच माणूस पुन्हा यायचा असतो. मला वाटते, नव्या खेळाडूने पहिला डबा घेण्याआधी आपण कोणत्या टेबलावर बसणार आहोत हे ठरवावे. क्लबात बसायचे असेल, तर दर तीन वर्षांचा खर्च वर्गणी समजून आधीच बाजूला काढावा आणि मग तक्रार करू नये. घरीच बसायचे असेल, तर निवृत्तीच्या याद्या वाचूच नयेत. उलट तेव्हाच जुने डबे स्वस्त मिळतात का ते पाहावे.

---

तबकडी (धागालेखक)

@एक्सविंगवाला, तबकडीबद्दलचा मुद्दा मान्य आहे, आणि इतकी वर्षे हे नाव घेऊन लिहीत असूनही तो मला सुचला नव्हता याची थोडी लाज वाटते.

@बुरुजाखाली, तुमचा प्रतिसाद मी मुलाला वाचून दाखवला. काल त्याचे तीन मित्र आले होते. ठरलेला नियम एवढाच होता की प्रत्येकाने ३०० गुणांचा संघ घ्यायचा, कुठल्याही डब्यातून, आणि एकाच संघात दोन फिगर सारख्या नकोत. दुसऱ्या डावात एका फिगरपुढे बाकी तिघांचे काहीच चालेना. ती २००६ मध्ये आमच्या दुकानातही अशीच कुप्रसिद्ध होती. पोरांनी पाच मिनिटे भांडून तिचे गुण दीडपट केले आणि खेळ पुढे सुरू झाला.

इतकी वर्षे डब्यात दाबून राहिल्यामुळे बऱ्याच जणांच्या तलवारी आणि भाले वाकले आहेत. मऊ प्लास्टिक आहे, त्यामुळे कडकडीत गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवून, बोटांनी सरळ करून लगेच गार पाण्यात धरले की आकार टिकतो; तबकडीत पाणी जाऊ नये म्हणून फिगर उलटी धरावी. सध्या आमच्या ओट्यावर चहाच्या पातेल्याशेजारी हेच चालू आहे. दुहेरी निघालेल्या एकोणसाठ फिगर मी वेगळ्या काढल्या आहेत. पुण्यात कोणाला टेबल सुरू करायचे असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवावा. पैसे नकोत, पण महिन्यातून एकदा समोर येऊन बसावे लागेल.